दोन पागोळ्यांचं घर

पालकसभा उरकत आली होती. यशश्रीने पेनाला टोपण लावलं आणि तेवढ्यात दहावी ‘ब’च्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. छत्री गळत होती. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही होती, पायात चिखलाने माखलेले गमबूट. ते त्याने दाराबाहेर काढले, पायपुसण्यावर पाय पुसले आणि मगच आत आला. नाशिकच्या शाळेत देवळासारखं जोडे काढून येणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

तो निकिताचा मामा होता, सोमनाथ. बहीण-मेहुणे टोमॅटोच्या तोडणीत अडकले, म्हणून भाचीच्या सभेला हा घाट उतरून आला होता. समोरच्या बाकावर तो अवघडून बसला, वही काढली, भूगोलाच्या क्षेत्रभेट अहवालाचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“बाई, ह्यात लिवलंय, पेठ रस्त्याच्या घाटमाथ्यावर पाऊस मोजणाऱ्या कर्मचाऱ्यानं तुम्हाला माहिती दिली. तो कर्मचारी मीच हाय. मी काय माहिती दिली, तेवढं जरा सांगता का?”

यशश्रीच्या कानांपर्यंत रक्त चढलं.

क्षेत्रभेट म्हणजे काय, ते इथे सांगायलाच हवं. पोरांनी वर्गाबाहेर पडावं, नदी, डोंगर, बाजार आपल्या डोळ्यांनी बघावा, माणसांना प्रश्न विचारावेत आणि मग लिहावं, असं भूगोलाच्या पुस्तकात आहे. चांगलंच आहे. पण या शाळेत ती क्षेत्रभेट फळ्यासमोरच व्हायची. बाईंनी सांगायचं, पोरांनी उतरवायचं – ‘आम्ही सकाळी सात वाजता निघालो. वाटेत निसर्गरम्य देखावा दिसला.’ बेचाळीस पोरं, बेचाळीस वह्या आणि देखावा एकच. फाटकाबाहेर पाऊल कुणाचंच पडलेलं नाही. भूगोलाची किंमत ही एवढी. ज्या मास्तराचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात भूगोल मारायचा आणि ज्या विषयाला तास कमी पडतात त्याने भूगोलाचे ओढून घ्यायचे. नळाला येतं ते पाणी कुठल्या डोंगरावरून निघालं, हे माहीत नसलेलं पोर पंचाण्णव टक्के मिळवतं आणि आपण पेढे वाटतो. लाज कुणालाच वाटत नाही.

यशश्री सहा वर्षं हेच करत आली होती. आणि तिचा तर भूगोल आवडता विषय होता.

तिने सावरायचा प्रयत्न केला. म्हणाली, आम्ही बहुतेक तुमच्या सुटीच्या दिवशी आलो असू. त्यावर तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, पाऊस रविवारी सुटी घेत नाय, त्यामुळं मलाबी नाय. रोज सकाळी साडेआठला मापन. चुकलं तर तो दिवस गेला, परत मोजता येत नाय. मग वही मिटता मिटता गंभीर झाला.

“खोटं लिवलं त्याचं एवढं नाय, बाई. पण दिशा तरी खरी लिवायची. तुम्ही म्हणता, माथ्यावरचे सगळे ओढे पूर्वेला जातात. मग माझ्या मागच्या पडवीच्या पाण्यानं काय करायचं?”

“काय करतं ते?”

“सांगून कळत नाय... बघायलाच यावं लागतं.”

दारात पुन्हा गमबूट चढवताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, त्यामुळेच ती जास्त चिडली. म्हणाली, एवढे मोजता ना, मग उद्याचा आकडा मला पाठवा, बघू खरंच मोजता का. आणि आपला नंबर तिने त्याच्याच भाचीच्या वहीच्या कोपऱ्यावर लिहून दिला. आकडे जरा जास्तच ठळक उमटले... रागाने असेल.

दुसऱ्या दिवशी आठ पस्तीसला फोन वाजला. संदेशात काहीच नव्हतं, फक्त ‘६२’. ना नमस्कार, ना फूल, ना सुविचार.

यशश्री बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. पर्जन्यमानाचे तक्ते तिने पोरांकडून कितीदा रंगवून घेतले होते – निळे स्तंभ, खाली तालुक्याचं नाव. त्या स्तंभामागे कुणीतरी माणूस असतो, हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. तो पहाटेच्या धुक्यात उठतो, डब्यातलं पाणी काचेच्या मापात ओततो, गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या रेषेला आणतो आणि श्वास रोखून आकडा वाचतो. तो आकडा मग कागदावरून कागदावर फिरत पुस्तकात येऊन बसतो आणि आपण दोन मार्कांना विचारतो.

तिने उत्तर पाठवलं, ‘दशांश नाही?’

‘६२.४. पॉइंट चार तुमच्यासाठी.’

झालं. ऑगस्ट असाच गेला. त्याचा आकडा, तिची तपासणी. ती लिहायची, आज कमी वाटतोय. तो लिहायचा, ‘तुम्ही छत्री धरायला येत नाय म्हणून.’ स्टाफरूममध्ये आठ पस्तीसच्या सुमारास यशश्रीच्या हातातला चहा निवायला लागला. शेजारच्या स्नेहल मॅडमनी दोनदा विचारलं, तुझं काही शेअर बाजारात आहे का. आकड्यांवर इतकं कुणी लाजतं का...

यशश्रीचं घर पंचवटीत. वडील बाळाजी रामकुंडावर उपाध्येपण करत. लांबलांबून आलेल्या यजमानांचे विधी सांगण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. पूर किती आला, हे बाकीच्या नाशिककरांसारखंच तेही दुतोंड्या मारुतीवरून सांगायचे. नदीच्या पात्रात उभा असलेला तो उंच मारुती. घोट्याला पाणी, गुडघ्याला पाणी. कमरेला लागलं की अख्खं गाव पुलावर.

एका मंगळवारी सोमनाथचा आकडा आला, ‘११८’. गंगापूर धरण आधीच काठोकाठ होतं. बुधवारी दुपारी दरवाजे उघडले आणि संध्याकाळी मारुती कमरेपर्यंत बुडाला. पुलावर लोकांचे फोन वर गेले होते. यशश्री गर्दीत कठड्याला धरून उभी होती, पण तिने फोन काढला नाही. ती नुसती बघत होती. हे लाल, घोंगावणारं, घाटाच्या पायऱ्या गिळणारं पाणी... यातला काही भाग काल सकाळी त्या माणसाने आपल्या हाताने काचेत ओतला होता. डोळ्यांच्या पातळीला धरला होता. ती लहानपणापासून या नदीच्या काठी राहिली, नदीचा धडा सहा वर्षं शिकवला, आणि नदी कुठून तरी येते हे तिला आज कळलं. अंगावर काटा आला तो जाईना.

तिने पहिल्यांदा त्याला फोन लावला.

“तुमचा कालचा पाऊस आलाय इथे. मारुतीच्या कमरेपर्यंत.”

पलीकडे कौलांवर सर वाजत होती.

“निम्माच आला असंल,” तो हळूच म्हणाला. “निम्मा दुसरीकडं गेला.”

“कुठे?”

“या म्हणलं ना...”

गुरुवारी ती मुख्याध्यापकांकडे गेली. दहावी ‘ब’ला घाटमाथ्यावर न्यायचंय, म्हणाली. सरांनी चष्मा काढून पुसला. अहवाल तर लिहून झालाय ना, मग जायचं कशाला? पावसाळ्यात जोखीम कोण घेणार? आणि भूगोलाचे दोन तास ते गणिताला द्यायचंच ठरवत होते. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं, रविवारीसुद्धा शाळेच्या नावाने पोरं नेलीत तर पुढच्या जूनमध्ये तुमची नेमणुकीची ऑर्डर निघणार नाही. यशश्री सहा वर्षं वर्षावर्षाच्या ऑर्डरवर होती. ती ऑर्डर गेली तर हातात काहीच उरत नव्हतं.

ती रात्रभर विचार करत बसली वगैरे काही झालं नाही. पुढच्याच तासाला तिने वर्गाला क्षेत्रभेटीचं पान उघडायला सांगितलं.

“फाडा ते. मी खोटं सांगितलं होतं.”

बाई असं बोलत नसतात. मग एका कोपऱ्यातून कागद फाटल्याचा आवाज आला, मग दुसरा, आणि शेवटी बेचाळीस पानांचा मिळून असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

तिने प्रत्येक घरून संमतीपत्र आणलं. दहा पालक सोबत यायला तयार झाले. दिवस सोमनाथने ठरवला. त्याने दोन रविवार नाही म्हटलं, माती सुटलेली हाय, पोरांना आणू नका. तिसऱ्या रविवारी म्हटलं, या. पेठच्या पहाटेच्या एस.टी.त सगळे कोंबून बसले. शहर मागे पडलं, भात लागला, नागली लागली, वळणं सुरू झाली. खिडकीबाहेर खरा देखावा होता, पण ‘निसर्गरम्य’ म्हणायची कुणाला आठवण झाली नाही.

घर अगदी माथ्यावर. कुडाच्या भिंती, कौलांचं छप्पर, अंगणात तारेच्या कुंपणात सरकारी पर्जन्यमापक. सोमनाथने धुतलेला सदरा घातला होता आणि तो सारखा बाही खाली ओढत होता. आदल्या रात्रीच मामाकडे येऊन राहिलेल्या निकिताने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, मामाने सकाळी दोनदा दाढी केलीय. यशश्रीने ते न ऐकल्यासारखं केलं. साडी खोचली आणि डब्याजवळ उकिडवी बसली. त्याने मापात पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. डोळा रेषेला आणा, म्हणाला. दोघांचे डोळे एकाच रेषेला आले, काचेच्या दोन बाजूंनी...

“एकवीस,” ती म्हणाली.

“पॉइंट?”

“दोन.”

“आता खऱ्या भूगोलाच्या बाई झालात.”

तेवढ्यात पश्चिमेकडून ढग चढला आणि सर आली. सोमनाथने पोरांना दोन भागांत उभं केलं. निम्मी पुढच्या पागोळीखाली, निम्मी मागच्या. ओंजळी धरा, म्हणाला. कौलांवरून पाण्याच्या दोऱ्या सुटल्या. मग तो आवाज न चढवता सांगत गेला. पुढच्या ओंजळीतलं पाणी खालच्या ओढ्याला जातं, तिथून गंगापूर धरणात, तिथून तुमच्या घरच्या नळाला. उरलेलं रामकुंडावरून पैठण, नांदेड, मग परमुलूख ओलांडत पार बंगालच्या उपसागरात. आणि मागच्या ओंजळीतलं ह्या दरीत उडी मारतं, दमणगंगेला मिळतं, आणि थेट अरबी समुद्र.

“मधी फक्त हे एक आढं,” तो छपराच्या मधल्या लाकडाकडे बोट करून म्हणाला. “माझ्या आज्यानं टाकलेलं. वीतभर रुंद.”

सरीचा आवाज तेवढा चालू होता. एका मुलीने ओंजळ हळूच रिकामी केली, धावत घराला वळसा घालून पलीकडे गेली आणि दुसऱ्या समुद्राचं पाणी हातात घेऊन उभी राहिली. मग सगळीच धावायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सोबत आलेले दहा पालकसुद्धा, पँटा वर करून.

सृष्टी नावाची मुलगी ओल्या वेणीने यशश्रीजवळ आली. “बाई, हे पुस्तकात होतं?”

“होतं. जलविभाजक. एका ओळीत व्याख्या, दोन मार्क.”

यशश्रीने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुठल्या समुद्राला जाणार, ते तिला ठाऊक नव्हतं.

पोरं भाकरी खायला बसली तेव्हा ती घराच्या आखूड बाजूला, आढ्याच्या बरोबर खाली उभी होती. डावीकडे कोकणाच्या बाजूची दरी धुक्याने भरलेली, उजवीकडे लांब धरणाचं चमकणारं पाणी. सोमनाथ शेजारी येऊन उभा राहिला. मधे हातभर अंतर ठेवून.

“इथून दोन्हीकडचं दिसतं,” तो म्हणाला. “मी रोज मोजून झालं की इथं थांबतो. एकटाच... आता एकट्यानं बघवत नाय.”

ती दरीकडे बघत म्हणाली, “एकट्याने मोजलं की आकडा चुकतो. तपासायला दुसरं माणूस लागतं.”

“रोज?”

“पाऊस रविवारी सुटी घेतो का?”

त्याने बाही खाली ओढली. मग हातभर अंतरातला निम्मा हात कमी झाला. उरलेला तिने कमी केला.

सोमवारी टेबलावर मेमो होता. परवानगीशिवाय विद्यार्थ्यांना नेले, खुलासा करा. यशश्रीने तिथेच उभ्याने खुलासा लिहिला – ‘सहा वर्षं न जाता अहवाल लिहून घेतले, तेव्हा मला मेमो आला नाही. यंदा खरंच गेले, तेव्हा आला. त्या सहाही वर्षांच्या अहवालांवर माझ्या सहीखाली आपली सही आहे. दोन्हींची एकत्र चौकशी व्हावी, ही विनंती.’ सरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप लावलं. गणिताला द्यायच्या दोन तासांचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे जूनची ऑर्डरही निघाली.

घरी सोमनाथबद्दल सांगणं त्याहून अवघड होतं. बाळाजी ओसरीत पंचा वाळत घालत होते. तिने एका दमात सांगितलं. त्यांनी एकच शब्द विचारला.

“कुठला?”

पंचवटीत या एका शब्दात जात, कूळ, घर, सगळं विचारून होतं. यशश्रीला ते माहीत होतं. तिने उत्तर मात्र भूगोलाचं दिलं.

“बाबा, त्याच्या घराच्या पुढच्या पागोळीचं पाणी रामकुंडात येतं. तुम्ही चाळीस वर्षं त्याच पाण्यात लोकांना उभं करताय.”

बाळाजींनी पंचा झटकून वाळत घातला आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर यजमान समोर बसला होता आणि ते नेहमीचा संकल्प सांगत होते – माणूस पृथ्वीवर नेमका कुठे बसलाय ते आधी सांगायचं, मग पुढचं सगळं. जंबुद्वीपे, भरतखंडे, दंडकारण्ये, गोदावर्याः उत्तरे तीरे... आणि तिथे ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदा. मान वळवून वरच्या अंगाला, पाणी येतं त्या दिशेला बघत राहिले. यजमानाला वाटलं, गुरुजी मंत्र विसरले.

घरी आल्यावर त्यांनी तांब्या पालथा घातला आणि पाठमोरेच म्हणाले, “त्याला रविवारी जेवायला बोलाव.”

यशश्री ओसरीच्या दारात आली.

“आणि सांग, येताना मागच्या पागोळीचं तांब्याभर पाणी घेऊन ये. पुढच्या पागोळीचं पाणी जन्मभर पाहिलं. दुसरं कधी पाहिलं नाही.”