चार-एकची चौकट

लिफ्टमध्ये एक माणूस माझ्या प्रोग्रामला शिव्या घालत होता. फोनवर, आपल्या बहिणीजवळ.

"अगं ताई, तक्ता टाकला की रकानेच घसरतात! हे ज्याने बनवलंय ना, त्याला एकदा माझ्या जागेवर बसवायला हवं."

"बसते की," मी म्हणाले.

तो कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं.

हॉस्पिटलच्या औषध विभागात तो टायपिस्ट. त्याच्या मशीनवर पाहिलं — पेशंट, औषध, वेळ, सगळे रकाने एकमेकांत घुसलेले. माझ्या मशीनवर हाच तक्ता लख्ख दिसायचा! मग कारण कळलं. प्रोग्राममध्ये मजकूर लिहायची जी तयार चौकट असते, तिची ४.१, म्हणजे चार-एक, आवृत्ती तक्ता नीट धरते. त्याच्या जुन्या मशीनवर आवृत्ती तीनच होती. आणि चार-एक सापडली नाही तर गपचूप तीन उघड, हे मीच लिहून ठेवलं होतं.

"मग आठवडाभर कागद बरोबर कसे गेले?"

"हाताने... ओळ न ओळ डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून."

"तक्रार करायला तोंड नव्हतं?"

"केली ना. साहेब म्हणाले, प्रोग्राम नवा आहे, तूच मंद आहेस. उद्यापासून येऊ नकोस." तो कसंनुसं हसला. "मॅडम, रागावलात की नाक फुगतं तुमचं..."

"नाकाचं नंतर बघू. चला."

साहेबांच्या खोलीत मी बसलेसुद्धा नाही. "चूक माझी आहे. मी फक्त माझ्या मशीनवर तपासलं. यांनी कंटाळा केला असता तर कुणाचं औषध कुणाच्या पोटात गेलं असतं. काढायचं तर मला काढा."

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "दुरुस्त कधी होईल?"

"दुपारपर्यंत. हे शेजारी बसून तपासतील."

"बरं... राहू दे त्याला."

चार-एक घातली. ती नसेल तर प्रोग्रामने थांबून तसं सांगावं, असंही लिहिलं. रकाने ताठ उभे राहिले.

"झालं म्हणजे..." तो हळूच म्हणाला, "आता तुम्ही येणार नाही."

"वरच्या मजल्यावर सहा मशीन्स बाकी आहेत."

"आणि ती झाल्यावर?"

मला आडून बोलता येत नाही. "अनोळखी माणसांसाठी ओळ न ओळ ताडणारा माणूस मला आवडलाय. तुला चालणार असेल तर बोल, नाहीतर गप्प बस."

'अहो मॅडम'वरून खाली उतरायला त्याला पुरतं एक मिनिट लागलं.

"अगं... चालतंय की!"