पेंढ्याचं वासरू

हे मी लिहिणारच नव्हतो.

तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. आत्या म्हणते, असल्या गोष्टी तोंडानेच सांगाव्यात, कुठे उमटवू नयेत. पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही.

ही गोष्ट खरी आहे. आमच्याच घराण्यातल्या माणसाबरोबर घडलेली. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या ग्लेन तार्सन नावाच्या दरीत, सतराशे सेहेचाळीसच्या ऑगस्टच्या शेवटी. रात्रीची नाही, सकाळची. उजाडायच्या जरा आधीची.

त्याचं नाव टोरकिल. वय वीस.

लंडनच्या राजाची गादी मिळवायला राजपुत्राने केलेलं बंड एप्रिलमध्येच कलोडनच्या माळावर संपलं होतं. दरीतून सतरा जण गेले होते. चार परत आले. टोरकिल गेलाच नव्हता. आई आजारी आहे म्हणाला होता. आई ठणठणीत होती.

त्याचा जिवाभावाचा दोस्त लाखलन मात्र गेला.

लाखलन म्हणजे अख्ख्या दरीतला एकटा पुरुष जो गाय पिळायचा. बायकी काम म्हणून सगळे चिडवायचे. तो हसायचा, नाकातल्या नाकात गुणगुणत पिळत राहायचा. टोरकिलला त्यानेच शिकवलं.

जाताना म्हणाला, "माझ्या घराकडे बघ रे."

"बघतो," टोरकिल म्हणाला.

लाखलन परत आला नाही.

मग सरकारची माणसं आली. जे बंडात गेले त्यांचं सगळं जप्त. दरीच्या सरदाराची जमीन, जमिनीचा खंड, कुळांची गुरं. कारकून एडिनबरोचा होता, प्रिंगल नावाचा. त्याला दरीतली गेलिक भाषा येत नव्हती. टोरकिल दक्षिणेच्या बाजारात गुरं न्यायचा, त्यामुळे त्याला इंग्रजी येत होती. मग दुभाष्या तोच. रोजचे चार पेन्स आणि पोटापुरतं ओट्सचं पीठ.

"नाही म्हणालास तर तुझ्या आईची गाय आधी नेतो," प्रिंगल हसत म्हणाला.

टोरकिल नाही म्हणाला नाही.

पहिल्याच दारात म्हातारी एफ्रिक कमरेवर हात ठेवून उभी.

"आला बघा सरकारचा जावई! ये बाबा, जेवूनच जा. आहे नाही ते सगळं तूच खा."

"काय म्हणतेय?" प्रिंगलने विचारलं.

"या म्हणतेय, साहेब."

मग म्हातारी म्हणाली, गाय माझी नाही, बहिणीची आहे. टोरकिलने ते नीट सांगितलं. प्रिंगलने ऐकून नुसती मान हलवली. सैनिकाने दावं सोडून गाय बाहेर ओढली.

दुसऱ्या घरात गाय मामाची होती. तिसऱ्या घरात पाद्रीबाबाची.

"या दरीत स्वतःची गाय कोणाकडेच नाही वाटतं," प्रिंगल म्हणाला.

टोरकिल शब्द न् शब्द सांगत होता. दर वेळी तीच मान हलायची. पाय अवघडला की आधी मुंग्या येतात, मग मुंग्याही थांबतात, तसं काहीतरी त्याच्या आत झालं. पाचव्या घरापर्यंत त्याला बायकांचे चेहरे दिसायचे बंद झाले होते.

सहावं घर लाखलनचं.

मार्सली दारात आली. लाखलनची बायको. कडेवर दीड वर्षाचा रोरी. पोराचे गाल बसलेले, महिनाभर जुलाब. दुधाशिवाय काही ठरत नव्हतं त्याच्या पोटात.

"बरं झालं, तूच आहेस," ती म्हणाली. "सांग त्यांना. ही गाय माझ्या बापाची. नातवाच्या दुधासाठी दिलीय, परत न्यायच्या बोलीवर. बाप बंडात नव्हता. खोटं वाटलं तर कान बघा म्हणावं. डाव्या कानाला दोन खाचा आहेत. आमच्या घराची खूण उजव्या कानाला असते."

खरं होतं ते. टोरकिलला माहीत होतं. त्या खाचा त्याने शंभरदा बघितल्या होत्या.

"काय म्हणाली?" प्रिंगलने विचारलं.

टोरकिलने गाईकडे पाहिलं नाही.

"काही नाही, साहेब. सगळ्यांचं तेच."

मार्सलीला वाटलं, याने सांगितलं. ती थांबून राहिली, आता कोणी कान बघेल म्हणून.

कोणी बघितला नाही.

काळी गाय जागची हलेना. मे महिन्यात तिचं वासरू मेलं होतं. मार्सलीने त्याचं कातडं काढून आत पेंढा भरला होता. ते पुढ्यात ठेवलं की गाय चाटायची आणि मग पान्हा सोडायची. टोरकिलने ते उचलून खांद्यावर टाकलं.

"हे काय?" प्रिंगल म्हणाला.

"वासरू, साहेब. खोटं. हे असलं की ती मागे येते."

"यादीत काय लिहू? बंडखोर, पाय चार, आत पेंढा?"

सैनिक हसले. टोरकिलही हसला.

ते हसणं मार्सलीने पाहिलं.

सरदाराचं घर सैनिकांनी आधीच जाळलं होतं. भिंती तेवढ्या उरल्या होत्या. त्याच आवारात गुरं कोंडली. बाराव्या दिवशी दक्षिणेला हाकायची होती. सैनिकांसाठी दूध काढायला दरीतली एकही बाई येईना, म्हणून ते कामही टोरकिलच्याच गळ्यात पडलं. झोपायलाही तिथेच.

काळी गाय पान्हा चोरत होती. पाच दिवस. वासरू पुढ्यात ठेवलं की चाटायची... पण थेंब नाही. सड दगडासारखे.

सहाव्या दिवशी पहाटे टोरकिलला जाग आली.

चर्र... चर्र...

लाकडी बादलीत धार पडत होती.

धुकं दाट होतं. तो उठला तसा आवाज थांबला.

काळी गाय शांत उभी होती. कास रिकामी. सड ओले. पेंढ्याचं वासरू चाटून चिंब झालेलं.

एक बादली नव्हती.

गवतावर दव पांढरं पसरलं होतं. त्यात पावलं उमटली होती... फक्त टोरकिलची.

टोरकिलचा कुत्रा फाटकाशी बसला होता. भुंकला नव्हता. समोर कोणी नव्हतं, आणि तो शेपूट हलवत होता.

मार्सली येऊन गेली, टोरकिलने स्वतःला सांगितलं. नेऊ दे. पोराला मिळतंय ना. त्याला बरंही वाटलं जरासं, बऱ्याच दिवसांनी. प्रिंगलला म्हणाला, काळी भाकड झालीय. रात्री फाटकाचा अडसर मुद्दाम सैल ठेवला.

सकाळी पुन्हा एक बादली कमी. अडसर ठेवला तसाच होता.

तिसऱ्या दिवशी तो जागाच राहिला. धुकं उतरलं. मग...

चर्र... चर्र...

आणि त्या आवाजाबरोबर गुणगुणणं.

बाईचं नव्हतं.

नाकातल्या नाकात. तिसऱ्या ओळीला सूर घसरायचा. नेहमी तिथेच घसरायचा.

टोरकिल उठला नाही. घोंगडी तोंडावर ओढून पडून राहिला. भीती वाटतेय का, हे त्याने चाचपून पाहिलं. काहीच वाटत नव्हतं.

उजाडल्यावर तो मार्सलीकडे गेला.

दार उघडं. चूल विझलेली. उंबऱ्यासमोर तीन बादल्या ओळीने ठेवलेल्या. पहिलीतलं दूध फाटलं होतं. दुसरीवर जाड साय, सायीत माश्या. तिसरीला त्याने हात लावला.

अजून कोमट होती.

मार्सली आत भिंतीला टेकून बसली होती.

"वहिनी, रोरी कुठाय?"

"शनिवारी गेला. संध्याकाळी."

पहिली बादली रविवारी पहाटे गेली होती.

"तूच आणून ठेवतोस, असं मी मनाला सांगत होते," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "पण तुझं चालणं मला माहीत आहे. हे तुझं नाही. दारापर्यंत येतो... बादली ठेवतो... आणि उभा राहतो. दार उघडलं की कोणी नसतं."

टोरकिल खाली बसला.

"वहिनी... त्या दिवशी मी साहेबाला सांगितलंच नाही. कानाचं. तुमच्या वडिलांचं."

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही."

तिने बादल्यांकडे पाहिलं. रडली नाही. ओरडली असती तर टोरकिलला बरं वाटलं असतं.

"त्याला माहीत नाही पोर गेलं ते," ती म्हणाली. "तू सांग त्याला. दुभाष्या ना तू? या खेपेला सगळं सांग."

टोरकिल तसाच प्रिंगलकडे गेला. काळीचा डावा कान हातात धरून दाखवला आणि सगळं बोलला. प्रिंगल कानाकडे बघत राहिला.

"तेव्हा का नाही बोललास?"

"सगळे तेच सांगत होते, साहेब."

"हो. पण खूण या एकीचीच होती. ही मी सोडली असती रे."

त्याने यादीतली एक ओळ खोडली. मग आणखी एक, वासराची.

टोरकिल गाय घेऊन परत निघाला. वासरू खांद्यावर, गाय मागे. एफ्रिक वाटेत भेटली. तिने बाजूला होऊन वाट दिली. टोमणाही नाही.

मार्सली बोचकं बांधून बापाकडे निघालीच होती.

"मला ही गाय बघवणार नाही," ती म्हणाली. "बापाला मी सांगते. तुझ्याकडेच ठेव. तो हिच्या मागे येईल. तेव्हा सांग."

टोरकिलने गाय स्वतःच्या गोठ्यात बांधली. पुढ्यात वासरू ठेवलं. फळीमागे बसून राहिला. आभाळ करडं झालं.

चर्र... चर्र...

फळीच्या पलीकडे. हातभर अंतरावर.

"लाखलन," टोरकिल म्हणाला.

धार थांबली.

गाईने मान वळवली आणि आपल्या पोटाशी, खाली, कोणी बसलेलं असावं तिथे बघितलं. गोठ्यात दुसरा आवाज नाही. कोणीतरी हात थांबवून ऐकत होतं.

"रोरी..." टोरकिल म्हणाला.

पुढचे शब्द तयार होते. वाटभर जुळवले होते. पण जीभ उचलेना. सहाव्या घरासमोर झाली होती तशीच झाली.

कोणीतरी थांबलं होतं. खूप वेळ.

मग टोरकिल जे बोलला, ते तो रोज पहाटे बोलत राहिला. काळी गाय मेली, तरी. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तो गेला त्या पहाटेपर्यंत. मार्सलीच्या ओस घरासमोर रोज एक बादली ठेवलेली असायची. ती आणायला तो मुलाला पाठवायचा. बादली कोणी नेली, हे मुलाने विचारायचं नाही.

त्याच्यामागे मुलगा तेच म्हणायचा, मग नातू. आमच्या घरात पहाटे जो पहिला गोठ्यात जाईल त्याने दारातच ते म्हणायचं. मला लहानपणी वाटायचं, गाईला म्हणतात.

आता आमच्याकडे गुरं नाहीत. गोठ्यात माझी सायकल आणि जुने पत्रे आहेत. गेल्या महिन्यात पहाटेची बस पकडायची होती, म्हणून सायकल काढायला गेलो. दाराला हात लावला आणि आतून...

चर्र... चर्र...

मी आत गेलो नाही. बसही पकडली नाही. तिथेच उभा होतो, आणि मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं तर काम आहे. रोरी गेला. आमच्या माणसामुळे गेला.

ती दोन वाक्यं सोडून माझ्या तोंडून टोरकिलचंच निघालं. त्या पहिल्या पहाटे, फळीमागे बसून, तो दोस्ताला म्हणाला होता तेच.

"उद्या सांगतो, लाखलन. शपथ. उद्या नक्की सांगतो."