ताई बक्कल लावायची नाही

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घडलं तसं आणि मेव्हण्यानं सांगितलं तसं लिहितोय. पटलं तर ठीक. नाही पटलं तर आणखी बरं, तुम्हाला झोप तरी लागेल.

माझी बायको गेली तो मंगळवार होता. भरदुपार.

मी नळदुरुस्तीची कामं करतो. एकांच्या घरी सिंकखाली आडवा पडून पाईप बसवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मेव्हणा होता.

"भावजी, ताई स्टुडिओच्या मागच्या जिन्यावरून पडली."

"फार लागलंय का?"

"तुम्ही आधी हॉस्पिटलात या."

तेव्हाच मला कळलं.

ती आणि तिचा भाऊ एकाच स्टुडिओत कामाला. ती त्याला 'धाकट्या' म्हणायची, म्हणून घरात तो सगळ्यांचाच धाकटा. सिनेमात माणसं चालतात ना, त्या पावलांचा आवाज बरेचदा नंतर भरतात. पडद्याकडे बघत बघत कुणीतरी बंद खोलीत तसंच चालतं. ते कुणीतरी म्हणजे माझी बायको. धाकटा काचेपलीकडे मशीनवर बसून ते टिपून घ्यायचा.

नायिकेची पावलं तिची, पोलिसाची तिची, खुन्याचीही तिचीच. घरीसुद्धा नकला चालायच्या. स्टुडिओच्या मालकांच्या उजव्या बुटाची टाच सैल होती. ती ओट्यापासून तशी चालत यायची... टक... टक-टक. टक... टक-टक.

"उठा, साहेब आले!"

धाकटा हसून हसून लोळायचा.

जिन्याच्या तळाशी ती सापडली, तेव्हा तिच्या पायात कामाचे उंच टाचांचे बूट होते. पट्टे ओढून, बक्कल लावून नीट बंद केलेले. हवालदार म्हणाला, "या टाचांनीच घात केला बघा." डॉक्टरही तेच म्हणाले. बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी घेतले. त्या दिवशी कुणी धोंडा दिला असता तरी घेतला असता.

पुढचं धाकट्याच्या बाबतीत घडलं.

स्टुडिओत तेव्हा एका खुनाच्या सिनेमाचं काम चालू होतं. एक माणूस आपल्या भागीदाराला जिन्यावरून ढकलतो. पाय घसरल्याचा देखावा करतो. कोर्टातून सुटतो. पण मन त्याला खात राहतं. शेवटी तो एकटाच तो जिना चढतो... तेवढ्याच प्रसंगाची पावलं राहिली होती.

मालक धाकट्याला म्हणाले, "दुसरी बाई बोलावतो. किती दिवस अडकून राहायचं?"

"नको साहेब. ताईच्या जागी दुसरं कुणी मला बघवणार नाही. मीच चालतो."

"तू? तू सरळ चाललास तरी धडपडतोस!"

मालक हसले. धाकटा नाही हसला.

दुपारी जेवणानंतर तो त्या खोलीत गेला. खोलीला खिडकी नाही. भिंतींना जाड स्पंज. जमिनीवर फळ्या, फरशी, खडी, असे वेगवेगळे चौकोन. भिंतीला लागून जोड्यांचं कपाट. दार लावलं की स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येते.

त्यानं पुरुषी बूट चढवले. पडद्यावरचा माणूस जिना चढू लागला. हाही चालू लागला. जमेना. पाऊल पडद्यावर एकीकडे, आवाज भलतीकडे.

शेवटी बूट काढून तो बाहेर मशीनपाशी आला. कानाला हेडफोन लावले आणि टेबलावर डोकं टेकलं. पडदा चालूच होता. आतला माईक आणि टिपणारं मशीनही चालूच राहिलं होतं.

आणि कानात...

टक. टक.

टाचेचे दोन ठोके.

त्यानं डोकं उचललं. ताई तयार असली की असे दोन ठोके द्यायची. म्हणजे, धाकट्या, कर सुरू.

त्यानं काचेतून पाहिलं.

खोली रिकामी.

पडद्यावरच्या माणसानं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं... आणि त्याच क्षणी कानात ते पाऊल वाजलं. दुसरं. तिसरं. केसभरही मागेपुढे नाही. असं एकाच माणसाला जमायचं.

"ताई?" तो म्हणाला. भीती वाटत होती, पण बरंही वाटत होतं, असं तो सांगतो.

मग चाल बदलली.

टक... टक-टक. टक... टक-टक.

पडद्यावरचा नट असा चालत नव्हता.

त्या पावलांच्या पुढे आणखी दोन पावलं होती. अनवाणी. मागे मागे सरकणारी...

मग काहीतरी जड गडगडत खाली गेलं.

मग काहीच नाही.

बऱ्याच वेळानं कुणीतरी सावकाश जिना उतरलं. टक... टक-टक. खाली येऊन थांबलं. श्वासाचा आवाज. चामड्याची करकर.

खट्.

थोडं थांबून पुन्हा... खट्.

दोन बक्कलं.

धाकट्यानं हेडफोन ओढून काढले. ताई बक्कल लावायची नाही. कधीच नाही. बक्कल माईकवर वाजतं, म्हणून ती पट्टे चिंधीनं बांधायची. आणि खोलीबाहेर जायची ती अनवाणी. कामाचे बूट तिनं कधी उंबऱ्याबाहेर नेले नव्हते.

त्यानं काचेतून कपाटाकडे पाहिलं. तिच्या चिंध्या खिळ्यालाच लटकत होत्या.

तेवढ्यात पुन्हा आवाज आला.

टक... टक-टक.

या वेळी कानात नाही. दाराबाहेर.

मालक आत आले. "झालं का रे?"

धाकट्यानं टिपलेलं मागे नेलं आणि हेडफोन पुढे केले. मालकांनी उभ्याउभ्याच कानाला लावले. ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा खडूसारखा झाला.

"यात तर काहीच नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही, साहेब?"

"नुसती शांतता आहे. पुसून टाक."

मग ते खाली वाकले. दोन्ही बूट काढले. हातात धरले...

आणि अनवाणी निघून गेले.

संध्याकाळी धाकटा माझ्याकडे आला. पाणीसुद्धा न घेता त्यानं सगळं सांगितलं.

"भावजी, ती पिशवी कुठंय?"

कपाटावरून काढली. हॉस्पिटलात पट्टे कापूनच बूट उतरवले होते. बक्कलं अजून लावलेलीच होती.

"पोलीस ठाण्यात जाऊ," तो म्हणाला.

"काय सांगायचं? ते म्हणतील, बायको गेली आणि ह्याचं डोकं फिरलं."

"चिंध्या दाखवू. टिपलेलं ऐकवू."

"मालकांना तर काही ऐकूच आलं नाही म्हणे."

"मग त्यांनी बूट का काढले, भावजी?"

मी पिशवीची गाठ मारली. ती आणि मालक त्या दिवशी जिन्यावर का होते, ते मला अजून माहीत नाही.

सिनेमा तिथेच थांबलाय. मालक स्टुडिओत फिरकत नाहीत. धाकट्यानं ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आणून ठेवलंय. मी ते ऐकलेलं नाही. त्यात तिची पावलं आहेत, आणि ती मागे मागे जातायत. एवढं मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पिशवी पुन्हा कपाटावर ठेवली आहे. दुपारी घर शांत झालं, नळही गळत नसला, की वरून येतात...

टक. टक.

ती तयार आहे.

आम्ही अजून ठाण्यात गेलेलो नाही.