धुळीचं विधेयक

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत तुरीच्या ट्रकांची रांग लागली होती. आमदार आरती गाडीतून उतरून पायीच निघाली आणि शिंका सुरू झाल्या... थांबेनातच! जवळच्या एका मिलवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“बाहेरगावच्या दिसताय?”

“शिंकांवरून ओळखलंत?”

“इथली माणसं शिंकत न्हाईत. खोकतात.”

ती हसली, आणि लगेच ओशाळली. त्या खोकल्यासाठीच तर ती आली होती. बिलोलीतून पहिल्यांदाच निवडून आलेली ही तरुण आमदार डाळमिलच्या धुळीवर विधेयक मांडणार होती. प्रत्येक मिलमध्ये धूळ ओढणारं यंत्र, कामगारांच्या छातीची दरवर्षी तपासणी; नाहीतर मिल बंद.

“मग माझीबी बंद होईल,” तिने हे सांगताच तांब्या देणारा शांतपणे म्हणाला. “ती समोरची लहान मिल माझी. मी शिवप्रसाद.”

तरी त्यानेच तिला मिली दाखवल्या, बुजलेल्या कामगारांना बोलतं केलं. ती पुन्हा पुन्हा लातूरला येऊ लागली. चहा निवेपर्यंत दोघं भांडायची.

“यंत्राचा खर्च लहान माणसाला झेपत न्हाई, मॅडम.”

“आणि खोकला झेपतो?”

 तो नुसता बघत राहायचा... मग तिचेच शब्द अडखळायचे.

“सगळे मला ताई म्हणतात,” एकदा ती म्हणाली. “तुम्ही का नाही म्हणत?”

“आरशासमोर उभा राहून म्हणून बघितलं. न्हाई जमलं.”

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. बैठकीत ती फोन पालथा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. तो सवलत मागेल अशी धास्ती वाटायची. आणि तो मागत नाही म्हणूनही जीव खालीवर व्हायचा.

अधिवेशनाच्या तोंडावर एका ज्येष्ठ आमदारांनी सुचवलं, “लहान मिलना वगळा. आम्ही पाठिंबा देतो.”

ती तडक त्याच्याकडे गेली. “वगळू का? एक शब्द बोला—”

त्याने आत पाहिलं. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया डाळ पाखडत होत्या.

“यांना वगळून कायदा कुणासाठी करणार?” तो म्हणाला. “आणि मी सूट मागितली, तर तुमच्याकडं वर मान करून बघू कसा? ते... ते बघणं मला लई हवं असतं.”

तिने विधेयक जसंच्या तसं मांडलं. मंत्र्यांनी गोड आश्वासन देऊन ते मागे घ्यायला सांगितलं. तिने नाही म्हटलं. मतदानात ते पडलं.

दुसऱ्याच दिवशी ती लातूरला पोचली. शिवप्रसाद मिलच्या दारात उभा होता.  तिचा चेहरा बघताच त्याने खुर्ची पुसून पुढे सरकवली. ती बसली नाही.

“पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडणार आहे,” ती म्हणाली. “तुमची मिल त्यात असेल. लोक म्हणतील, नवऱ्याच्याच धंद्यावर उठली—”

“नवऱ्याच्या?”

तिचे कान तापले. पण आता माघार नव्हती.

“विचारते आहे. चालेल?”

त्याने मागे वळून मिलकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे.

“हाव,” तो म्हणाला. “मांडा तुम्ही. घरी भांडू.”