विसाव्या थरावरचा अंगठा

सन २००४ च्या मे महिन्यात मी, आठवी उत्तीर्ण लटारू, ब्रह्मपुरीतील एका महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत रोजंदारी परिचर होतो. नोकरी कायम करण्याविषयीचा माझा अर्ज शिफारशीसाठी रसायनाच्या प्राध्यापिका ज्योत्स्ना मॅडमच्या टेबलावर पडून होता.

त्यांचा प्रयोग असा. रबराची पट्टी प्रथम धन विद्युतभाराच्या पॉलिमर द्रावणात बुडवावयाची, धुवावयाची, नंतर ऋण भाराच्या. दोन्ही भार एकमेकांस धरतात आणि केसाहूनही पातळ लेप बसतो. असे वीस थर. मग पट्टी चिमट्यांत ताणून लेपास तडे केव्हा जातात, हे सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. दमट हवेत लेप मऊ पडतो, म्हणून भर उन्हाळ्यात कूलर बंद असे.

हातमोजे सक्तीचे होते. तथापि विसाव्या थरावरचा शेवटचा थेंब मी उघड्या अंगठ्याने निपटला. आमच्या घरी तेलाची बाटली अशीच निपटतात. हे मी कोणास सांगितले नाही.

पट्टी ताणण्यासाठी मॅडमनी चिमट्यांचा स्क्रू फिरवला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकास काचपात्रे धूत होतो. माझ्या अंगठ्याची कातडी आवळली.

"लटारूभाऊ, पाहा बरं. तडे नेहमी आडवे जाते. हे गोल काऊन हायेत?"

मी डोळा लावला. माझ्याच अंगठ्याचा भोवरा होता. एकेक रेघ उकलत होती.

"मले काय समजते, मॅडम."

"कोणी हात तं नाई लावला? लावला असंल तं दोन महिन्यांची मेहनत गेली."

"नाई जी."

त्यांनी स्क्रू आणखी फिरवला. खिशात लपवलेला अंगठा उलला. रक्त आले नाही.

"आता गंमत पाहा, भाऊ. ओल लागली का लेप आपोआप जुळते."

त्यांनी वाकून पट्टीवर फुंकर घातली.

ऊन श्वास खिशात आला. चहाचा वास होता. अंगठा मिटला.

"मॅडम, ते पट्टी..."

"तुमच्या अर्जावर सही केली मी. सफाईनं काम करता म्हणून लिहिलं. पट्टीचं काय?"

"काई नाई जी."

पट्टी लिफाफ्यातून नागपूरला गेली. तेथील यंत्र मोठे आहे. तुटेपर्यंत ओढते.

तिची पाळी येईपर्यंत मी कायम झालो.

आज गुरुवार. यंत्र अकराला सुरू होणार, असे मॅडम म्हणाल्या होत्या. आता सव्वाअकरा झाले आहेत.

अंगठा दुखत नाही. केवळ तर्जनीहून लांब झाला आहे.