एका बाजूने बसणारी गाडी

"उजवीकडे बेचाळीस!" ढब्बू ओरडला.

"बेचाळीस सेंटिमीटर म्हण," वहीत आकडा लिहिता लिहिता प्रोफेसरने सुनावलं.

भिंगरीने डाव्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप ताणली आणि ती दचकलीच. "अरे, छत्तीस! तासापूर्वी चाळीस होतं!"

सुट्टीत आत्याकडे आलेली ही तीन भावंडं आज होडीत बसायला जाणार होती. त्याऐवजी ती गॅरेजच्या आवारात आत्याच्या गाडीभोवती घिरट्या घालत होती. गाडी होतीच तशी न्यारी! चाकाची खुर्ची थेट आत ढकलता यावी, म्हणून ती मागून खाली बसायची आणि पुन्हा उठायची. मागच्या चाकांवर पोलादी स्प्रिंगा नव्हत्या, रबराचे दोन जाडजूड फुगे होते. कॉम्प्रेसर त्यांत आपोआप हवा भरायचा. आत्या या गाडीतून आजारी माणसांना दवाखान्यात न्यायची. पण काल गाडीत लाल दिवा लागला, आणि आज गाडी एका बाजूला कलली.

फोरमनकाकांनी खिडकीतून दिव्याकडे नजर टाकली. "कॉम्प्रेसर गेला. नवीन यायला आठ दिवस."

"आठ दिवस?" आत्याचा चेहरा पडला. "अहो, उद्या सकाळी सातला घड्याळवाल्या आजोबांना डायलिसिसला न्यायचंय. त्यांची एकही खेप चुकवून चालत नाही!"

"मी तरी काय करणार, ताई?" म्हणत फोरमनकाका आपल्या टेबलाकडे वळले. दुसरी गाडी मिळते का हे बघायला आत्या फोन लावू लागली. एक झाला, दोन झाले, तीन झाले. प्रत्येक फोननंतर तिचा आवाज खाली येत होता. ते ऐकून भिंगरी प्रोफेसरकडे वळली.

"प्रोफेसर, कॉम्प्रेसर दोन्ही फुग्यांना हवा देतो ना? मग एकच बाजू का बसते?"

प्रोफेसरने चष्मा वर सरकवला. "बरोबर! तो बंद पडला असता तर हवा भरली गेली नसती. इथे भरलेली हवा पळतेय, आणि तीही फक्त डावीकडून!"

"म्हणजे पंक्चर!" ढब्बूने उडीच मारली.

भिंगरी धावतच काकांकडे गेली. "काका, डाव्या बाजूला गळती आहे. बघता का जरा?"

"वीस वर्षं हेच करतोय मी! जा, खेळा जा."

"खेळू?" भिंगरीचे डोळे चमकले. "साबणाचे फुगे केले तर चालेल?"

"खुशाल करा! पण गाडीखाली जायचं नाही, चाकाच्या वर हात घालायचा नाही. गाडी बसली तर बोटं चेपतील."

"कबूल!"

ढब्बूने हात धुण्याच्या मोरीवरून साबण पळवला. प्रोफेसरने काच पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीत फेस केला. आत्याला विचारून, हातभर अंतरावर उभं राहून भिंगरीने नेम धरला. फुस्स! फुस्स! रबराच्या फुग्यावर काहीच नाही. थोडं वर, काळी नळी जिथे फुग्याला जोडली होती तिथे फुस्स! आणि काय आश्चर्य! बुडबुड बुडबुड करत पांढऱ्या फेसाचा गड्डाच वर आला!

"काका!" तिघंही एका सुरात किंचाळली. "आमचे फुगे बघायला या!"

फोरमनकाका कुरकुरत आले आणि वाकले. त्यांनी गाडीला भक्कम टेकू लावले, चाक उतरवलं आणि बॅटरीच्या उजेडात नळी तपासली.

"परवा इथेच टायर बदलला होता," ते हळूच म्हणाले. "जॅक लावताना नळी चिमटली. चूक आमचीच."

"आणि कॉम्प्रेसर?" आत्याने विचारलं.

"गळकी बादली भरून भरून बिचारा दमला, ताई! तापला की तो स्वतःच थांबतो." त्यांनी नळीचं चिरलेलं टोक सरळ कापलं आणि नळी पुन्हा घट्ट बसवली. चाक चढलं, इंजिन सुरू झालं आणि गाडी अशी उठली, जणू झोपेतून जागी झाली! साबणाच्या दुसऱ्या फवाऱ्यात एकही बुडबुडा नव्हता. तासाभराने टेप लावली. दोन्हीकडे बेचाळीस! दिवाही विझला होता.

"शाब्बास रे पोरांनो!" काकांनी ढब्बूची पाठ थोपटली. "मी वाकलोच नाही. तुम्ही मोजलंत, म्हणून सापडलं. ताई, उपकार झाले यांचे. गाडी अशीच रस्त्यावर गेली असती तर..." त्यांनी गाडीची किल्ली आत्याच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला गाडी आजोबांच्या दारात हजर! तिघं मागच्या बाकावर होती. वाटेत आत्याने सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. आजोबा मान डोलावत ऐकत होते. दवाखान्याच्या दाराशी मात्र त्यांनी खुर्ची थांबवली आणि भिंगरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आयुष्यभर घड्याळांची बारीक चक्रं जुळवलेली बोटं होती ती.

"काल रात्रभर डोळा लागला नाही, पोरी," ते म्हणाले. "गाडी बिघडल्याचं कानावर आलं होतं. ती येते की नाही, याचीच धास्ती. फार फार आभार तुमचे."

भिंगरी पार लाजली. "त्यात काय, आजोबा! नुसता साबण तर होता."

"त्यात काय, म्हणू नकोस," आत्या तिच्या कानाशी कुजबुजली. "त्यांना मनापासून आभार मानायचेत. मानू दे."

आत नर्सने दोनदा हाक मारली, तरी आजोबांनी आपणहून सोडेपर्यंत भिंगरीने हात तसाच राहू दिला.