मोठा काटा का हलत नाही?

“तो दगड शनिवारपर्यंत तिला मनातलं बोलला ना, तर हा गुलाबी झालरीचा फ्रॉक घालून भर चौकात नाचेन!” शिंपीकाकांनी कात्री आपटली.

“आणि नाही बोलला, तर महिनाभर तुमचं दुकान मी झाडेन,” वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या. “द्या टाळी!”

दगड म्हणजे शेजारचा घड्याळवाला. दोन दुकानांच्या मधे नुसती फळी. पलीकडे कुणी सुस्कारा टाकला तरी काकांच्या कानात! आणि ‘ती’ म्हणजे समोरच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवणारी. महिन्यापूर्वी ओली वेणी घेऊन घड्याळवाल्याकडे शिरली होती. काउंटरच्या काचेवर टप टप पाणी...

“दादानं दिलंय, पण बंद पडलंय. मोठा काटा हलतच नाही.”

“चालू आहे.”

“अहो, हलत नाही म्हणतेय ना!”

क्रोनोग्राफ होतं ते, स्टॉपवॉचवालं घड्याळ. त्यानं खालच्या बारक्या तबकडीवर बोट ठेवलं. “सेकंद इथे चालतात. मोठा काटा... तुम्ही सांगाल तेव्हाच निघतो.”

“इतका आज्ञाधारक? मला आवडला.”

घड्याळवाल्याचे कान लाल. त्यानं वरचं बटण दाबलं, काटा सुटला. पुन्हा दाबलं, थांबला. मग खालचं... काटा टुणकन बारावर.

“पळत असताना खालचं दाबायचं नाही. आधी थांबवायचं, मगच पुसायचं. मिनिटं या उजवीकडच्या तबकडीत.”

त्यानं तोंड उघडताच तिनं बटण दाबलं होतं, आता पुन्हा दाबलं. “नऊ सेकंद! एवढं लांब बोलता येतं की तुम्हाला!”

मग काय, रोज संध्याकाळी ‘बंद पडलंय’. रोज तो मनगट हळूच हातात घेणार, घड्याळाऐवजी भलतीकडेच बघणार आणि म्हणणार, “चालू आहे.” तलावाच्या पाण्याचा वास दुकानात रात्रीपर्यंत रेंगाळायचा आणि हा वेडा तोवर शटर ओढायचा नाही.

पण तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या तलावावर नोकरी लागली. शनिवारी चारची गाडी.

शनिवारी तीनला ती आली. हातात बॅग. फळीला इकडून दोन कान चिकटले, एक काकांचा, एक नर्सबाईंचा.

“निघते मी,” ती म्हणाली. “आज बंद नाही पडलेलं.”

मग त्यानं तिचं मनगट धरलं आणि वरचं बटण दाबलं.

“काय मोजताय?”

“मला बोलायला... किती वेळ लागतो ते.”

काटा निघाला. एक फेरी. तिच्या पापणीवर एक थेंब तसाच अडकलेला. दुसरी फेरी. काकांनी नर्सबाईंकडे बघून हवेत झाडू मारून दाखवला. तिसरी... चौथी...

“जाऊ नका म्हणणार नाही,” तो एका दमात म्हणाला. “नोकरी चांगली आहे. पण तुमच्याशिवाय हे दुकान... मला बंद पडल्यासारखं वाटेल. प्रेम आहे माझं. मी तिकडे आलो तर? घड्याळं तिथंही बिघडत असतीलच ना?”

तिनं बटण दाबलं. काटा थांबला. डोळे मात्र वाहायला लागले.

“चार मिनिटं, अठरा सेकंद,” ती हसत म्हणाली. “या लवकर. माझं तर रोज बिघडतं.”

तिचं बोट खालच्या बटणाकडे गेलं.

“ते नका दाबू,” तो म्हणाला. “राहू दे तसंच.”

राहिलं तसंच. बोटही त्याच्या हातातच राहिलं.

“काऽका!” फळीपलीकडून नर्सबाईंची आरोळी आली. “फ्रॉक!”

साडेतीनला चौकात रिक्षा थांबल्या, खिडक्या उघडल्या. गुलाबी झालरीतून काकांच्या केसाळ पोटऱ्या बाहेर, मिशी थरथरतेय आणि नर्सबाई टाळ्या वाजवत ओरडतायत, “गिरकी राहिली! एक गिरकी!”

काकांनी गिरकी घेतली. टर्रर्र!

गर्दीतून एक खणखणीत आवाज आला. गल्लीत कुणी कधी न ऐकलेला. बॅग एका हातात, ती दुसऱ्या हाताशी, आणि घड्याळवाला खदखदून हसत होता.

“काका, शिवण कच्ची आहे हो तुमची!”